एका अक्षरावर ढकललेला खून

वाक्प्रचारांचा तास हा मराठीच्या प्राध्यापकाच्या वाट्याला येणारा त्यातल्या त्यात हलका तास. उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावी बी.ए.च्या वर्गात शिकवताना, अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा एवढ्यावर पाऊण तास सहज निघून जातो. ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार आला की वर्ग जागा होतो, कारण त्याच्यामागची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. कोणी केला ‘ध’चा ‘मा’, असे विचारले की एका सुरात उत्तर येते : आनंदीबाईने. काही वर्षांपूर्वी मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, “सर, ‘धरावे’ असेच राहिले असते, तर ते बरोबर होते का?”

मी त्या वेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनाविषयी आपण जे जे ऐकत आलो त्यात हा एवढा साधा प्रश्न आपल्याला का सुचला नाही, याचा विचार करता करता हा लेख लिहावासा वाटला. खुनाचा नवा पुरावा माझ्याजवळ नाही. जे छापील इतिहासात सर्वांसमोर आहे तेच पुन्हा एकदा क्रमाने लावून पाहावे, एवढाच हेतू.

मुळात हे घर कसे होते ते पाहिले पाहिजे. पानिपतानंतर २३ जून १७६१ रोजी नानासाहेब पेशवे वारले. थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला होता. मागे राहिले सोळा वर्षांचे माधवराव आणि त्यांच्याहून दहा वर्षांनी धाकटे नारायणराव. घरातला कर्ता पुरुष म्हणजे नानासाहेबांचे धाकटे बंधू रघुनाथराव. १७५८ साली मराठ्यांच्या फौजा अटकेपर्यंत नेणारे सेनापती म्हणून त्यांचा लौकिक होता, आणि घरात त्यांच्याएवढ्या वयाचा व अनुभवाचा दुसरा पुरुष उरला नव्हता. असे असता पेशवाईची वस्त्रे पुतण्याला मिळाली आणि चुलत्याकडे पालकत्व आले.

येथून जो कलह सुरू झाला त्याला आपण राजकारण म्हणतो, पण त्याची भाषा पाहिली तर ती थेट घरच्या वाटणीची आहे. रघुनाथरावांनी दौलतीचा अर्धा हिस्सा मागितला. एकत्र कुटुंबात भाऊ वारला, की त्याचा मुलगा आणि जिवंत भाऊ यांचा समान वाटा, हा जो आपल्याकडचा सर्वपरिचित न्याय, तोच त्यांनी राज्याला लावला. माधवरावांचे म्हणणे असे की पेशवाई ही छत्रपतींची चाकरी. तिच्या वाटण्या होत नसतात. दोघेही आपापल्या परीने शास्त्राला धरूनच बोलत होते, असे म्हणता येईल. प्रश्न असा होता की पेशवाई ही इस्टेट की अधिकारपद, आणि त्याचे उत्तर कोणत्याही कागदावर स्वच्छ लिहिलेले नव्हते. सेनाकर्ते, वंशपरंपरा आणि खजिना एकाच वाड्यात राहू लागले की हा घोळ अटळ होतो.

नोव्हेंबर १७६२ मध्ये चुलत्या-पुतण्यांच्या फौजा लढल्या. आळेगावी माधवरावांनी शरणागती पत्करली आणि काही काळ ते चुलत्याच्या ताब्यात राहिले. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, गोदावरीकाठी राक्षसभुवनच्या लढाईत दोघे निजामाविरुद्ध एकत्र लढले आणि जिंकले. ही समजूत टिकली नाही. जून १७६८ मध्ये धोडपच्या किल्ल्याजवळ माधवरावांनी चुलत्याचा पराभव केला आणि त्यांना पुण्यास आणून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. त्याच सुमारास रघुनाथरावांनी अमृतरावांना दत्तक घेतले होते. दत्तक घेणे म्हणजे वारस उभा करणे, आणि वारस उभा करणे म्हणजे हिश्श्याचा दावा जिवंत ठेवणे, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही.

एक गोष्ट येथे नीट लक्षात घ्यावी. कैदी दूरच्या एखाद्या किल्ल्यावर नव्हता. तो त्याच वाड्यात, त्याच भिंतींच्या आत, धन्याच्या शेजारी राहत होता. कुटुंबाची अब्रू राखायची म्हणून कैदेला कैद म्हणायचे नाही आणि राज्य राखायचे म्हणून सोडायचेही नाही. सणावारी नमस्कार होत असतील आणि दारावर पहाराही असेल. असा वाडा माधवरावांच्या करड्या नजरेखाली कसाबसा चालला. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने माधवराव गेले. जाण्यापूर्वी त्यांनी चुलत्याला जवळ बोलावून नारायणरावांना त्यांच्या हवाली केले. राज्यातील एवढा मोठा प्रश्न मृत्युशय्येवरच्या विनवणीवर सोपवावा लागला, यातच सारे आले.

नारायणराव तेव्हा सतरा वर्षांचे होते. स्वभाव उतावळा, कारभाऱ्यांशी खटके उडत. काही महिन्यांतच त्यांनी चुलत्यावर पुन्हा बंदोबस्त बसवला आणि तो पूर्वीपेक्षा कडक होता. रघुनाथराव चाळिशीला आलेले. अटकेचा सेनापती आता पोराच्या हुकमाने खोलीबाहेर पडू शकत नव्हता. त्यांच्याविषयी कोणाला सहानुभूती वाटली तर ती अस्थानी म्हणता येणार नाही. पण दुःख खरे असले म्हणून त्यावर काढलेला उपाय क्षम्य ठरत नाही.

तो उपाय म्हणजे गारदी. हे कवायती पायदळ वाड्याच्या चौकीपहाऱ्यावर होते. सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद युसूफ हे त्यांचे प्रमुख. त्यांचा पगार थकला होता, आणि थकलेला पगार मागण्याच्या मिषानेच ते ३० ऑगस्ट १७७३ रोजी दुपारी वाड्यात घुसले. भाद्रपद शुद्ध त्रयोदशीचा तो दिवस. गणपतीचे दिवस संपत आले होते. काही शिजते आहे अशी कुणकुण त्या दिवशी सकाळी नारायणरावांना लागली होती आणि बंदोबस्ताची सूचनाही हरिपंत फडक्यांना दिली गेली होती, असे ग्रँट डफने नोंदवले आहे. बंदोबस्त वेळेवर झाला नाही.

पुढचे वर्णन मी लांबवत नाही. ते नाटक-चित्रपटांनी पुरेसे लांबवले आहे. घाबरलेला मुलगा वाड्यातून धावत चुलत्याच्या दालनात शिरला आणि त्याने चुलत्याला मिठी मारली. रघुनाथरावांचा सेवक तुळाजी पवार याने त्याला ओढले आणि गारद्यांनी वार केले. चाफाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर पडला आणि धन्याबरोबरच कापला गेला. अर्ध्या तासाच्या आत नारायणराव धरून अकरा माणसे मारली गेली : सात ब्राह्मण, दोन मराठा सेवक आणि दोन कुणबिणी. शिवाय एक गाय.

‘काका, मला वाचवा’ ही हाक आपल्या सर्वांच्या कानात आहे. त्या दोन कुणबिणींची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. श्रीमंत घरातील खुनाची कथा सांगताना मेलेल्यांचीही प्रतवारी लागते, ती अशी. गाईचा उल्लेख सहसा चुकत नाही. दासींचा पुष्कळदा चुकतो.

खून झाला, प्रेताचे रात्रीच दहन झाले, आणि रघुनाथरावांच्या नावाची द्वाही फिरली. साताऱ्याहून वस्त्रेही आणवली गेली. घरातल्या घरात प्रकरण मिटले असते ते येथेच. पेशवाईला दुसरा सज्ञान वारस नव्हता, फौजेला पगार देणारा धनी हवा होता, आणि बहुसंख्य मुत्सद्द्यांनी प्रथम मान तुकवली. मोठ्या घरातील गुन्हा मिटतो तो असाच, बाकीच्यांच्या सोयीने. त्यासाठी सगळे दुष्ट असावे लागत नाहीत. सगळ्यांना घर चालू राहायला हवे असते, एवढे पुरते.

या सोयीत एकच माणूस आडवा आला. रामशास्त्री प्रभुणे हे मूळचे साताऱ्याजवळच्या माहुलीचे आणि पुणे दरबारचे न्यायाधीश. त्यांनी चौकशी आरंभली. तिच्यातून जे आरोपी निघाले त्यांची जी मोजदाद इतिहासकारांनी दिली आहे ती पाहण्यासारखी आहे : एकूण एकोणपन्नास. त्यांपैकी गारदी अवघे तेरा, आठ हिंदू आणि पाच मुसलमान. उरलेले छत्तीस कोण? सव्वीस ब्राह्मण, तीन प्रभू आणि सात मराठे. म्हणजे तलवार गारद्यांच्या हातात असली तरी कट वाड्यातला, कचेरीतला आणि घरोब्यातला होता. बाहेरच्या भाडोत्री माणसांनी केलेला अत्याचार अशी त्याची समजूत करून घेणे हे पहिले पलायन होय. शास्त्र्यांच्या चौकशीने ते पलायन बंद केले.

दुसरे पलायन म्हणजे ‘ध’चा ‘मा’. ही हकीगत ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे. रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेला लेखी हुकूम शास्त्र्यांनी मिळवला. त्यात ‘धरावे’ या शब्दाचा ‘मारावे’ झाला होता. आपण नारायणरावास धरण्याचाच हुकूम दिला होता, अशी कबुली रघुनाथरावांनी शास्त्र्यांपाशी दिली. आणि अक्षर बदलणारा हात आनंदीबाईचा, असा सर्वत्र समज आहे. शेवटच्या वाक्यात ‘समज’ आहे हे विसरू नये. समजाचा पुरावा झाला, पुराव्याचा वाक्प्रचार झाला आणि वाक्प्रचाराला तर पुरावा कोणी विचारतच नाही.

आनंदीबाई निर्दोष होती हे सिद्ध करण्याचा माझा उद्देश नाही. ती महत्त्वाकांक्षी होती, नवऱ्याच्या कारस्थानांत तिचे मन गुंतलेले होते, हे शक्य आहे. अक्षर तिनेच बदलले असेही क्षणभर मानू. तरी त्या विद्यार्थिनीचा प्रश्न उरतोच. राज्याच्या धन्याला, त्याच्याच वाड्यात, त्याच्याच पहारेकऱ्यांना फितवून, शस्त्रानिशी धरण्याचा हुकूम हा काय निरुपद्रवी हुकूम होता? पगारासाठी बिथरलेल्या सशस्त्र जमावाला सत्तेवरचा माणूस धरायला सांगितल्यावर तो जिवंत हाती येईल याची हमी कोणते अक्षर देणार होते? आणि पुतण्या मिठी मारून उभा असताना चुलत्याला एक शब्द उच्चारता येत होता की नाही? त्या क्षणी कागद कोणाच्याही हातात नव्हता. तोंडी हुकमाला काना-मात्रा लागत नाही.

रामशास्त्र्यांना हे दिसत होते असे मला वाटते. कारण त्यांनी या अक्षरभेदाचा फायदा रघुनाथरावांना दिला नाही. प्रायश्चित्त काय, असे विचारले गेल्यावर त्यांनी देहान्त सांगितला तो रघुनाथरावांना. मग पद सोडले, आणि वाईजवळच्या पांडववाडीला निघून गेले. ही कथा आपण शास्त्र्यांच्या निर्भयतेसाठी सांगतो. तिच्यात एक निकालही आहे, तो आपण वाचत नाही. ज्याने चौकशी केली त्याने हुकूम देणाऱ्याला दोषी धरले; दीडशे-दोनशे वर्षे गोष्ट सांगणाऱ्या आपण अक्षर बदलणारीला धरले. न्यायाधीशाने नाकारलेली सबब समाजाने मान्य केली, असा याचा अर्थ होतो.

पुढच्या घटना वेगाने घडल्या. वस्त्रे मिळताच रघुनाथराव निजामावर चालून गेले. निजाम अलीने बीदरचा आश्रय घेतला. बीदर आमच्याकडून फार लांब नाही; पुण्याच्या वाड्यातला खून तीन-चार महिन्यांत या बाजूच्या शेताशिवारांतून फौजेच्या रूपाने येऊन गेला, असे म्हणता येईल. निजामाकडून मुलूख मिळवून रघुनाथरावांनी तो परतही देऊन टाकला. या मोहिमेतूनच एकेक मुत्सद्दी निमित्त काढून पुण्यास परतू लागला. कारण पुण्यात वेगळी बातमी होती. नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर होती.

सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे आदी कारभाऱ्यांनी बारभाईंचे कारस्थान उभे केले ते या गर्भाच्या आधारावर. यांपैकी सखारामबापू पूर्वी रघुनाथरावांचे पाठीराखे होते. जानेवारी १७७४ मध्ये गंगाबाईला पुरंदरावर नेले. पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई सोबत होती. मार्चमध्ये पंढरपूरजवळ कासेगावला त्रिंबकराव पेठे रघुनाथरावांशी लढताना पडले. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला आणि चाळिसाव्या दिवशी, २८ मे रोजी, त्याच्या नावे पेशवाईची वस्त्रे आली. रामशास्त्रीही पुढे कामावर परतले आणि १७८९ मध्ये वारेपर्यंत न्यायाधीश राहिले.

हा न्याय झाला खरा, पण कसा? रघुनाथरावांना दोषी म्हणून दूर करता आले ते दुसरा वारस जन्मला म्हणून. मुलगी झाली असती तर? शास्त्र्यांचा निकाल तोच राहिला असता, पण तो अंमलात आणायला किती जण पुढे आले असते, याविषयी मला शंका आहे. गुन्ह्याचा निवाडासुद्धा अखेर वारसाहक्काच्या वाटेनेच आला. ज्या गंगाबाईच्या उदरावर एवढे राज्य तोलले गेले ती स्वतः १७७७ साली, मूल तीन वर्षांचे असताना, वारली. तिच्या नावाचा वाक्प्रचार नाही.

रघुनाथराव मात्र थांबले नाहीत. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस त्यांनी इंग्रजांशी तह केला आणि फौजेच्या मदतीबदल्यात साष्टी व वसई देऊ केली. त्यांचेच चुलते चिमाजीअप्पा यांनी १७३९ साली किती रक्त सांडून वसई घेतली होती हे आठवावे. साष्टी तर इंग्रजांनी त्याआधीच, डिसेंबर १७७४ मध्ये, बळकावली होती. आडासची लढाई, पुरंदरचा तह, जानेवारी १७७९ मधील वडगावचा इंग्रजांचा पराभव, आणि शेवटी १७ मे १७८२ चा सालबाईचा तह. एका घराची वाटणी सात वर्षे तिसऱ्याच्या तोफांनी लढली गेली. सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, साष्टी कायमची गेली, आणि रघुनाथरावांना दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक मिळाली. ते कोपरगावी राहिले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी वारले. आपल्या घरात नाही, आपल्या पदावर नाही, पण अंथरुणावर.

हत्याऱ्यांचे काय झाले? महंमद युसूफ १७७५ मध्ये पकडला गेला आणि मारला गेला. सुमेरसिंग परमुलखात मेला. खरकसिंग आणि तुळाजी पवार हैदर अलीच्या आश्रयाला गेले होते. पुढे ते परत मिळवले गेले आणि त्यांना हालहाल करून मारण्यात आले. तुलना करून पाहावी. हुकूम पाळणाऱ्यांना हालहाल, हुकूम देणाऱ्याला नेमणूक. शिक्षेचा हा उतार अठराव्या शतकापुरता होता असे कोणी म्हणेल तर मी वाद घालणार नाही, पण होकारही देणार नाही.

आनंदीबाई विधवापणी नाशिकजवळ आनंदवल्लीस राहिली आणि १७९४ साली तेथेच वारली. आई गेल्यावर मुलांची रवानगी शिवनेरीवर कैदेत झाली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९५ मध्ये, सवाई माधवराव शनिवारवाड्यातल्या माडीवरून पडून, एकवीस वर्षांचे, निपुत्रिक गेले. आणि मग? मग वारस शोधताना सगळ्यांना त्याच शाखेकडे जावे लागले. रघुनाथराव आणि आनंदीबाई यांचा मुलगा दुसरा बाजीराव १७९६ साली पेशवा झाला. ज्या हक्कासाठी खून झाला तो हक्क तेवीस वर्षांनी, कोणी न मारता, बिनबोभाट त्याच दारात आला. बापाने सुरतेत जे केले ते मुलाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईत केले, आणि जून १८१८ मध्ये सारेच संपले. बालपण कैदेत काढलेल्या माणसाला राज्य दिले तर तो ते कसे चालवील, हा प्रश्न बाजीरावाला शिव्या देताना आपण क्वचितच विचारतो. त्याच्या भित्रेपणाची मुळेही त्याच वाड्यात आहेत.

मराठी साहित्याने या खुनाला आपलेसे केले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली ‘भाऊबंदकी’ हे नाटक लिहिले. नावातच त्यांनी रोगाचे निदान केले होते. १९४४ साली प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला. त्यात ललिता पवारांनी आनंदीबाई रंगवली. रंगभूमीला खलनायिका लागते आणि पडद्याला तिचे डोळे लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण नाटक संपल्यावर प्रेक्षक घरी जाताना काय घेऊन जातो, याचा विचार आम्हा साहित्य शिकवणाऱ्यांनी करायला हवा. ‘भाऊबंदकी’ हा शब्द घेऊन गेला असता तर त्याला आपल्या घराकडे पाहावे लागले असते. तो आनंदीबाई घेऊन गेला.

आणि हे सोयीचे का, ते आमच्या भागात राहून चांगले कळते. तालुक्याच्या कोणत्याही न्यायालयाच्या आवारात सकाळी उभे राहावे. वाटणीचे दावे, बांधाची भांडणे, एकाच आडनावाचे वादी आणि प्रतिवादी, झाडाखाली एकमेकांकडे पाठ करून बसलेले. कुणालाही विचारा, घर कसे फुटले? उत्तर ठरलेले असते : भाऊ-भाऊ चांगले होते हो, बायकांनी फोडले. सातबारा वर्षानुवर्षे बापाच्याच नावावर राहिला, थोरल्याने हिशेब दाखवला नाही, धाकट्याने गुपचूप कर्ज काढले, बहिणींच्या सह्या परस्पर घेतल्या, यातले काही त्या उत्तरात नसते. ज्या सुनेच्या नावावर एक गुंठाही नाही तिने एवढे मोठे घर फोडले, यावर सगळ्यांचा विश्वास असतो. हे उत्तर पुरुषांना लागते, कारण त्याने भावाभावांतले प्रेम शाबूत राहते आणि जमिनीचा प्रश्न विचारावा लागत नाही. आनंदीबाईची गोष्ट आपल्याला इतकी पटते, कारण ती आपण घरोघर रोज सांगत असतो.

नारायणरावांचा खून एका अक्षराने झाला नाही. वारसा आणि अधिकार यांची सीमा न आखल्याने, घरातल्याच माणसाला घरातच कोंडून ठेवल्याने, पहाऱ्यावरच्या शिपायांचा पगार थकवल्याने, आणि कळलेल्या बातमीवर वेळीच हालचाल न केल्याने तो झाला. यांतले प्रत्येक काम जबाबदार पुरुषांचे होते. अक्षर बदलले असेलच, तर ते या सगळ्याच्या शेवटी.

तो वाक्प्रचार मी आजही शिकवतो. भाषेतून तो काढून टाकता येणार नाही आणि काढूही नये. अर्थ सांगतो, वाक्यात उपयोग करायला लावतो. फक्त आता वर्गाने एका सुरात ‘आनंदीबाई’ म्हटले की त्या मुलीचा प्रश्न मी फळ्यावर लिहितो, आणि उरलेला तास त्याला देतो.